निळे मणी

नांदेडच्या प्रयोगशाळेत शिवानी पेप्टाइडची साखळी विणत होती. रेझिनच्या बारीक मण्यांवर एकापुढं एक अमिनो आम्ल जोडत जायचं. पण एका जागी दोन आडदांड आम्लं अशी समोरासमोर आली, की जोड बसेचना. तपासायला चार मणी काढून, तपासणीच्या द्रावाचे थेंब टाकून गरम केले की ते निळेशार व्हायचे.

संध्याकाळी औशाहून सासूबाईंचा, मल्लम्मांचा, फोन ठरलेला.

"आज काय झालं गं?"

"निळंच, आत्याबाई."

निळं म्हणजे काय, हे त्यांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं. शिवानीनं सांगितलं होतं, "कुणीतरी सुटं राहिलंय. त्याला जोडीदार मिळाला न्हाई."

मामंजी गेल्यापासून मल्लम्मा एकट्याच होत्या. लेकानं, अमरेशनं, नांदेडला चल म्हटलं की फणकारायच्या, "मला काय धाड भरलीय? मी मजेत हाय."

शेवटी शिवानीनं जोडणारं रसायनच बदललं, आणि आज मण्यांना निळा रंग चढलाच नाही. तिनं आपणहून फोन लावला.

"आत्याबाई, जुळलं! एकबी मणी निळा न्हाई!"

"सिद्धेश्वर पावला गं बाई!"

मागं कंडक्टरची घंटी वाजली.

"कुठून बोलायलाव, आत्याबाई?"

"नांदेडच्या गाडीत बसलेय. अमरेशला स्टँडवर धाड." मल्लम्मा जरा घुटमळल्या. "तिथं घरात लई दिसांपासनं निळं हाय गं."