पादचारी: शून्य

सव्वाआठ ते साडेआठ. रिक्षा: तीनशे ब्याण्णव. पादचारी: शून्य.

रुचिराने शून्य नीट गोल काढलं. हे शून्य तिचं लाडकं होतं. सहा वर्षांपूर्वी कांजूरमार्गच्या याच नाक्यावर उभं राहून तिने अंदाज बांधला होता. सिग्नल काढा. मध्ये उंच दुभाजक घाला. गाड्यांना पलीकडे वळायची वाट दीड किलोमीटर पुढे द्या. रस्ता मोकळा होईल, चालत ओलांडणारे हळूहळू नाहीसे होतील.

सिग्नल गेला. ओलांडणारे नाहीसे झाले. अंदाज तंतोतंत.

गाड्या मात्र मुंगीच्या पावलाने सरकत होत्या.

साडेआठ ते पावणेनऊ. रिक्षा: चारशे आठ. पादचारी: शून्य.

फोन वाजला. ऑफिसातून चंद्रप्रकाश सर.

"अगं, तुझ्या अंदाजाच्या दुप्पट रिक्षा आहेत तिथे. आल्या कुठून? आभाळातून पडल्या?"

"वस्ती वाढली असेल, सर."

"वस्ती आहे तेवढीच आहे, मी बघितलं. संध्याकाळपर्यंत कारण दे. नाहीतर पुढच्या वीस वर्षांचा अंदाज दुसऱ्या कुणाकडे देतो. तुझ्या आकड्यांवर तिथे उड्डाणपूल उभा राहणार आहे, रांगोळी काढायची नाहीये."

पावणेनऊ ते नऊ. रिक्षा:

मोजणं चुकलं. शेजारी एक आजी येऊन उभी राहिली होती. पदरात गुंडाळलेला डबा पोटाशी धरलेला.

"बाय, वायच रिक्षाक हात कर गो. माझो हात कोणाक दिसना नाय."

रुचिराने हात केला. एक रिक्षा भरलेली गेली. दुसरीही.

"रोज जाता, आजी?"

"दोनदा. सकाळी नि सांजचा. भैण पडान आसा माझी, कंबराचा हाड मोडला. तिका पेज घेवन जातंय."

"पोचेपर्यंत गरम राहते?"

"खंयची गो! पयली ऱ्हवायची."

रुचिरा हसली. तिने मनातल्या मनात हिशेब केला. दोनदा जाणं, दोनदा येणं. एका म्हातारीच्या चार रिक्षा. पण एवढ्या वयात एवढ्या लांब रोज कशाला धडपडते ही? बहिणीलाच घरी का आणत नाही?

तिसरी रिक्षा थांबली. आजीने आधी डबा आत ठेवला, मग गुडघ्यावर हात टेकून स्वतः चढली. रुचिराने सवयीने रिक्षाच्या रकान्यात एक रेघ ओढली.

रिक्षावाल्याने मीटर टाकला. "कुठे सोडू, आजी?"

आजीने बोट उचललं. दुभाजकावरून, पलीकडच्या चाळीतल्या एका उघड्या खिडकीकडे.

"ह्या काय, समोर."