पट्टीखालचा गोल

लहान मुलांच्या डोळ्यांचा या भागातला हा पहिलाच दवाखाना, आणि पट्टी दिलेल्या मुलांची आज पहिली फेरतपासणी. डॉक्टरबाईंना खुर्चीत स्वस्थ बसवत नव्हतं. त्यांनी पहिल्या पोरीचा चांगला डोळा तळहातानं झाकला आणि भिंतीवरचं चित्र विचारलं. “घर. नाही, छत्री. नाही... दिसत नाही.” अधू डोळा होता तिथंच होता. “पट्टी रोज लावता ना?” “एक दिवस चुकवला नाही,” आई म्हणाली. बाईंनी पोरीचं तोंड खिडकीकडे वळवलं. उन्हात खेळून रापलेल्या चेहऱ्यावर पट्टीचा फिकट गोल उमटला होता, तोही अधू डोळ्याभोवती. “अहो, चांगला डोळा झाकायचा! तेव्हा कुठे हा आळशी झक मारत कामाला लागतो. मी स्वतः लावून दिली होती ना?” आई ओशाळली. “मला वाटलं, गडबडीत तुमची चूक झाली. दुखरा पाय सोडून धडक्या पायाला कुणी पट्टी बांधतं का? घरी जाऊन बदलली. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून आज काढूनच आले.” “बरं, अजून वेळ गेलेली नाही. आजपासून नीट लावा.” आई घुटमळली. “त्या दिवशी परतताना गाडीत मी बाकीच्यांनाही सांगितलं, बाई नवीन आहेत, चुकल्या असतील, आपापल्या घरी बदलून घ्या.” बाईंनी धाडकन दार उघडलं. व्हरांड्यातल्या बाकावर पोरं ओळीनं बसली होती, प्रत्येकाच्या एकेका डोळ्याभोवती फिकट गोल. त्यांच्या आया बाईंकडे बघून सांभाळून घेतल्यासारख्या हसल्या.