दहापैकी दोन

“उद्यापासून केझाया तुमच्या वर्गात नसेल, सिस्टर.” पास्टर ग्रिसम आरशात बघून झग्याची बटणं लावत होते. “म्हटलं, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपणच सांगावं.”

व्हर्लीन टिब्जने गाण्यांची पानं छातीशी धरली. आठवडाभर ती मॅपल रस्त्याच्या सरकारी शाळेत पहिलीला शिकवायची आणि रविवारी या चर्चचा ऑर्गन वाजवायची. चर्चमध्ये सगळ्याच बायका ‘सिस्टर’, म्हाताऱ्या झाल्या की ‘मदर’.

“कुठे चाललीय?”

“टेकडीपलीकडच्या शाळेत. तिथे राहणाऱ्यांचीच मुलं घेतात, म्हणून तिच्या मावशीचा पत्ता दिलाय.”

“आणि आज तुमचं प्रवचन आपल्या शाळेवर! शिक्षण मंडळाचा तो हॅलोरन पहिल्या रांगेत येऊन बसलाय. शाळेला कुलूप घालायचं की नाही, यावर गुरुवारी मत देणार आहे तो.”

“म्हणून तर करणार आणि मनापासून करणार. पण मी बापही आहे ना? शाळांना गुण देणारी ती वेबसाइट बघितलीत का? आपल्या शाळेला दहापैकी दोन! पलीकडच्या शाळेला नऊ. एकुलती एक लेक माझी, तिला दोनावर ठेवू?”

“तो दोन देणारा कधी आत आला होता? जाऊ दे त्याचं, तुम्ही तरी आलात? सप्टेंबरात शाळा सुरू झाली तेव्हा पोरीला स्वतःच्या नावापलीकडे एक शब्द वाचता येत नव्हता.”

“हळू, सिस्टर. बाहेर ऐकू जाईल.” त्यांनी पांढरा रुमाल झटकून हातात घेतला. “शेवटी नेहमीसारखा ऑर्गन चढवा हं. तुम्ही नसलात की मी नुसता बोलतो.”

व्हर्लीन ऑर्गनवर जाऊन बसली. पट्ट्या बाहेरच्या मार्चमधल्या हवेसारख्या गार होत्या.

त्या दिवशीचं शास्त्रवाचन केझायाकडे होतं. सहा वर्षांची पोर खोक्यावर चढून उभी राहिली. बायबलमधला चांगल्या मेंढपाळाचा उतारा. ओळीखाली बोट ठेवून ती वाचू लागली. एका मोठ्या शब्दाशी अडली आणि तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून ऑर्गनकडे पाहिलं. वर्गात बाईंचा हात पानावर असायचा. बाईंनी हात उचलला की आता एकटीने वाचायचं, थांबायचं नाही, कुणाकडे बघायचं नाही. व्हर्लीनने पट्ट्यांवरचा हात जरासा उचलला. पोरीने तो शब्द फोडून फोडून वाचला आणि वडिलांनी जिथे पेन्सिलीने खूण केली होती तिथे थांबली.

“अगं माझी बाय ती!” म्हाताऱ्या मदर बीसलींनी काठी आपटली. सगळं चर्च टाळ्या वाजवत उठलं. हॅलोरनही उठला. केझाया पहिल्या रांगेत, त्याच्या शेजारी जाऊन बसली. पुस्तक मांडीवर उघडंच, बोट खुणेवर.

पास्टरांनी प्रवचन हळू धरलं. आधी साधं बोलणं. मग बोलण्याला लय आली, लयीला सूर फुटला आणि सुराखाली व्हर्लीनचा ऑर्गन घुमू लागला. ग्रिसमांचं प्रवचन चढलं की माणूस आपलं दुखणं विसरतो, हे खोटं नाही. लोक उभे राहून साथ देऊ लागले. “बोला, पास्टर!” “खरंय, खरंय!”

“कोण म्हणतं आपली शाळा दोनाची?” ते गात होते. “ऐकलंत ना लेकराला? कुणी शिकवलं तिला? मॅपल रस्त्यानं शिकवलं! मी माझी लेक तिथे ठेवलीय. आणि तुम्ही? तुम्ही आकडा बघता आणि पळता! आत्याचे पत्ते देता, मावशीचे पत्ते देता!”

तिसऱ्या रांगेतल्या एका आईने मान खाली घातली. नाताळात तिने आपली दोन्ही मुलं टेकडीपलीकडच्या शाळेत हलवली होती.

व्हर्लीनने दोन्ही हात पट्ट्यांवरून उचलले.

सूर तुटला. पास्टर तसेच पुढे गेले, एक ओळ, दुसरी ओळ. उघडा पडलेला आवाज चिरकला. पाठीमागे नेलेल्या हाताची दोन बोटं त्यांनी हलवली. ऑर्गन मागायची ती त्यांची जुनी खूण. व्हर्लीनने ती पाहिली, पण हात खाली आणले नाहीत.

“वाजव की गं पोरी,” मदर बीसली ओरडल्या, “बिचाऱ्याचा घसा फाटला तिकडे!”

“त्यांचं सांगून झालं नाही अजून, मदर.”

“सिस्टर, वाजवा.” पास्टर दातांतून म्हणाले. माइकने ते मागच्या बाकापर्यंत पोचवलं.

“पुढचं सांगा, पास्टर. उद्या सकाळचं सांगा. मग वाजवते.”

पास्टरांच्या कपाळावरून घाम निथळला. रुमाल हातातच राहिला. हॅलोरन एकदा त्यांच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. व्हर्लीनचे हात पट्ट्यांवर अधांतरी होते.

पहिल्या रांगेतून केझायाने ते उचललेले हात पाहिले.

ती लगेच उभी राहिली. पुस्तक वर धरलं, पेन्सिलीची खूण ओलांडली आणि पुढची ओळ धरली. पुढे राखणीला लावलेल्या भाडोत्री माणसाची गोष्ट होती, लांडगा दिसताच मेंढरं टाकून पळणाऱ्याची. पोर न अडखळता, कुणाकडे न बघता, खणखणीत वाचत गेली.

“वाच, लेकरा,” मदर बीसली म्हणाल्या, “वाच!”