फोनवर बरी

"बुखार है क्या, अम्मा?" हैदराबादच्या कॅन्सर दवाखान्यातली नर्स मोबाईलच्या पडद्यावरून विचारत होती.

"नाही बाई, मस्त हाय," भागीरथा म्हणाली आणि डोक्यावरचा पदर सारखा करून हसली.

उपकेंद्राची नर्स रूपाली दोन्ही हातांनी मोबाईल धरून समोर उभी होती. घरात रेंज नाही म्हणून खुर्ची फाटकापाशी आणावी लागली होती. तिथंही फोन मधूनच पैनगंगेपलीकडचा टॉवर पकडायचा आणि चित्र गोठायचं.

जेवण जातं, झोप लागते, तोंड आलं नाही, असं भागीरथाने एकेक सांगितलं. पलीकडच्या नर्सने पुढच्या किमोची तारीख दिली. पडदा काळा झाला.

चला, एक पेशंट झाला. रूपालीने मोबाईल पर्समध्ये टाकला आणि भागीरथाला उठवायला तिचा दंड धरला. दंड तव्यासारखा तापला होता.

किमोनंतर ताप आला तर जराही थांबायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. थर्मामीटर लावलं. तोंड उघडायला लावलं, तर आत फोडच फोड.

"कधीपासून हाय हे?"

"परवापासून. पाणी बी उतरून नाही राह्यलं."

"आन् ते बाई आत्ता इतकं इचारत होती, तवा?"



रूपालीने पुन्हा फोन लावला. लागला नाही. पार सडकेपर्यंत गेली तेव्हा कुठे लागला. तिने स्वतःच सगळं सांगितलं. पलीकडून लगेच उत्तर आलं, आत्ताच्या आत्ता आदिलाबादला न्या, तिथल्या डॉक्टरांशी मी बोलते.

तिने बोलावलेली ॲम्ब्युलन्स गावाकडे निघाली होती. रूपाली परत येऊन भागीरथाचं लुगडं, टॉवेल पिशवीत कोंबू लागली. राग काही केल्या आवरेना.

"मावशी, आमी काय फोन धराले येतो का इथं? तुमीच लपवलं तर ते तिकडं बसून काय करीन? काऊन खोटं बोलल्या?"

"खोटं काय त्याच्यात," भागीरथा सावकाश म्हणाली. बोलताना तोंड दुखत होतं. "फोनवर कोणी दुखणं सांगते का, माय? पोरगा पुण्याहून फोन करते. त्याले बी असंच सांगतो, बरी हाय."

तिने पदराने ओठ टिपले.

"तो बी मले तसंच सांगते."