डोमाजी मिस्त्रीचा उजवा कान

“बेअरिंग खलास. यंदाचा हंगाम विसरा,” पेचकसाचं टोक मशीनला आणि मूठ सवयीनं डाव्या कानाला लावून डोमाजी मिस्त्रीनं निकाल दिला. दिग्रसच्या कापूस जिनिंगमध्ये त्याचा निकाल तीस वर्षांत कोणी फिरवला नव्हता. “काका, मशीन बंद आहे,” सुपरवायझर उर्वशी म्हणाली. मजूर छताकडे पाहू लागले. काम जाईल म्हणून महिनाभर लपवलेलं डोमाजीनं सांगून टाकलं. “डावा कान अचानक गेला, पोरी. आत शिट्टी वाजते, तीच मले बेअरिंगची वाटली. यवतमाळच्या डॉक्टरले कारण सापडलं नाही.” “मग दुसरा मिस्त्री पाहू?” “कायले? दुसरा कान हाये ना.” मशीन सुरू झालं, तेही शिट्टी वाजवत. पेचकस उजव्या कानाला लागला. “बेअरिंग ठणठणीत. ग्रीस मागते.” ग्रीस घालताच मशीनची शिट्टी थांबली, कानातली चालूच राहिली. “तुम्हीच राहा, काका. काही पाहिजे?” “महिन्यापासून मले चहाच मिळाला नाही. जरा उजवीकडून विचारत जा.”