गच्चीवरचं तापमान

संस्थेच्या जुन्या संकेतस्थळाचे पत्ते एकशे सात होते. लोड बॅलन्सरमध्ये, म्हणजे बाहेरून येणारी प्रत्येक विनंती आधी जिथे थांबते त्या दारात, नियम शंभरच बसत होते. एका नियमात एक जुना पत्ता आणि त्याच्यासमोर त्याचा नवा. नियम न मिळालेले सात पत्ते सरळ मुख्य पानावर जाणार होते.

हे काम नव्याने लागलेल्या मुलीकडे आलं होतं. सिनियरने तिला सोपी रीत सांगितली. नव्वद दिवसांच्या भेटी मोज, तळाचे सात सोडून दे. तिने मोजल्या. त्या सातांत प्रयोगशाळेच्या गच्चीवरच्या तापमापकाचं पान होतं. नव्वद दिवसांत नव्वद भेटी. रोज एक, सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी, एकाच घरातून.

तिने ते सिनियरला दाखवलं.

"एका माणसासाठी अख्खा नियम?" तो म्हणाला. "मग एक माझ्याही नावाने टाक. घरी मला कुणी विचारत नाही."

सोमवारी संध्याकाळी तिने नियम चालू केले. मुख्य पानावर जाणाऱ्या सातांसकट सगळ्यांवर 'कायमचा बदल' अशी खूण केली. सगळे तशीच करतात.

बुधवारी बाकीचे जेवायला खाली गेले होते, तेव्हा तिला दिसलं की दोन पत्त्यांची सुरुवात सारखी आहे, ते एकाच नियमात मावतात. एक जागा मोकळी झाली. कुणी सांगितलं नव्हतं, तरी तिने ती तापमापकाला दिली.

गुरुवारी ती सातलाच ऑफिसात येऊन बसली. खोलीवर तरी कोण होतं. सात बाराला जुन्या पत्त्यावर कुणी आलं नाही. मुख्य पानावर मात्र त्याच मिनिटाला, त्याच घरातून, चार सेकंदांची एक भेट होती. तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. कायमचा बदल एकदा कळला की समोरचा ब्राउझर तो लक्षात ठेवतो, जुना पत्ता पुन्हा विचारतच नाही. तिची दुरुस्ती त्या घरापर्यंत पोचणार नव्हती.

तापमापकाच्या पानाच्या तळाशी 'देखभाल' असं लिहून एक फोन नंबर होता. तिने तो लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

तापमापक बसवणारा तंत्रज्ञ बोलत होता. निवृत्त होऊन त्याला अठरा वर्षं झाली होती. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून तो रोजचा आकडा वहीत उतरवत आला होता, एकही दिवस न चुकता. मंगळवारी पान दिसेना, तेव्हा त्याला वाटलं, तापमापक काढून टाकला. विचारणार कुणाला? ओळखीचं तिथे कुणी उरलं नव्हतं.

तिने चूक आपली असल्याचं सांगितलं आणि नवा पत्ता सांगू लागली.

"तो घेतो लिहून सावकाश, बाळ. आधी मंगळवारचं आणि कालचं सांग."

तिने शोधलं. पानावर चालू क्षणाचा आकडा तेवढा दिसत होता. मागचे आकडे संस्थेत कुठेच साठवलेले नव्हते.

"काका, इथे मागचं ठेवतच नाहीत."

पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

"बरं. आजचं?"

सात वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. गच्चीवर सव्वीस पूर्णांक चार अंश तापमान होतं.