पॉलिशखालचं पाऊल

“हे ठेवाचं का घासाचं, ताई?” मशीन बंद करून टेकचंदनं विचारलं.

अल्कानं आधी टीनाला उचलून कडेवर घेतलं. तिची चार वर्षांची लेक केव्हाची मशीनच्या वायरीकडे सरकत होती. मग अल्का भुशातून जपून पावलं टाकत कोपऱ्यात आली.

फुलचूरच्या क्लबचा बॅडमिंटन हॉल घासाईला निघाला होता. टेकचंद गोंदियाचा ठेकेदार. सागाच्या फळ्यांवरचं काळपट पॉलिश त्यानं दारापासून खरडत आणलं होतं, आणि खालून कोवळं पिवळं लाकूड निघालं होतं. राहिला होता हा एक कोपरा. बेसलाइनच्या आत, जुन्या पॉलिशखाली, एका लहान लेकराचं पाऊल होतं. हॉल नवा असताना ओल्या पॉलिशवर पडलेलं. वरून दर काही वर्षांनी पॉलिशचे हात चढत गेले, पण घासाई कधी झालीच नाही, म्हणून टिकलेलं.

“ठेवाचं असल तं तेवढा तुकडा सोडतो. बाजूनं हातानं घासून घेऊ, उपरसे पॉलिश. थोडा धब्बा दिसल, और क्या.”

“थांबा जरा,” अल्का म्हणाली.

सकाळी तिरोड्याला बहिणीकडे जाताना आईनं हेच सांगितलं होतं. चपला घालता घालता, जसं काही दूध झाकून ठेवायला सांगावं, तसं. “त्या मशीनवाल्याले सांगजो, थो पाय राहू दे म्हणा.”

अल्का हो म्हणाली होती.

तिचे बाबा, बिसराम, या हॉलचे चौकीदार. हॉलला लागूनच त्यांची खोली. घरात अल्का आणि रोशन, दोघंच भावंडं. उन्हाळ्याच्या दुपारी क्लब बंद असला की बाबांचे जुने मोजे चढवून दोघं या टोकापासून त्या टोकापर्यंत घसरत जायची. पिसं झडलेल्या शटलच्या फुलानं खेळायची. फूल रेषेवर पडलं की रोशनचं भांडण ठरलेलं. आणि सर्व्हिस करायची तर त्याला याच कोपऱ्यातून. “हा माझा पाय आहे, इथं तू उभी नको राहू,” म्हणायचा. शाळेतल्या पोरांनाही आणून दाखवायचा. फरशी पुसणारी आई ऐकायची आणि पदराआड हसायची.

दोन हजार पाचला अल्काचं लग्न झालं. नवरा दरेकशाला रेल्वेत. त्याच दिवाळीत रोशन बाबांशी भांडून सुरतेला निघून गेला. बाबा वारले तेव्हा आला, दिवस करून परत गेला. फोन आला तर आला.

त्या दोन हजार पाचपासूनच हे सुरू झालं होतं. माहेरी आलं की अल्काला दिसायचं. आई, शामकला, अख्खा हॉल पुसत पुसत कोपऱ्याशी यायची. पोछा बाजूला ठेवायची. पदरानं तेवढी जागा कोरडी करायची आणि पावलावर तळहात ठेवून बसायची. कधी ओठही हलायचे.

“माझ्याकडे चल ना राहायला,” अल्का दर खेपेला म्हणायची.

“लेकीच्या घरी कोणी राहाते का? लोक काय म्हणतीन?” आई म्हणायची. “आन हॉल कोन पुसन?”

अल्काला ठाऊक होतं, ही सगळी निमित्तं. आई रोशनची वाट बघत होती. गुडघे गेले होते, रात्री दम लागायचा, आणि या एवढ्याशा डागापायी ती इथंच एकटी मरायला बसली होती. दरेकशाच्या घरात अल्का रात्री उठून टीनाच्या नाकाशी बोट धरून बघायची, आणि मग तिला आई आठवायची. तिच्या नाकाशी बोट धरायला कोण होतं?

“ताई, बोला ना.”

“घासून टाका.”

“पक्का? एक बार गेलं का मंग वापस नाही येत.”

“घासा म्हटलं ना.”

मशीन सुरू झालं. टीनानं कान झाकले. आधी टाच गेली, मग बोटं. अल्का शेवटपर्यंत उभी राहिली. वाटलं होतं तितकं हलकं काही वाटलं नाही.

चार दिवसांनी आई परतली तोवर पॉलिश वाळलं होतं. टेप लावून मारलेल्या पांढऱ्या रेषा लखलखत होत्या. हॉल अल्काच्या लहानपणीसारखा दिसत होता. आईनं दारात चपला काढल्या आणि थेट कोपऱ्याकडे गेली. वाकून पाहिलं. मग गुडघ्यावर हात देत खाली बसली, आणि गुळगुळीत लाकडावर तळहात फिरवत राहिली.

“सांगतलं नाही का त्याले?”

अल्काच्या तोंडाशी खोटं आलं होतं. ते तिनं गिळलं.

“मीच घासायला लावलं, आई.”

“काऊन?”

“तो नाही येत आता.” अल्का तिच्याजवळ बसली. “रोशन नाही येत. त्याच्या पायावर हात ठेवून किती वर्षं बसशील? माझा संसार दरेकशाला, तुझी काळजी इकडे, मला झोप नाही लागत. चल माझ्यासंग. लोकांना म्हणू दे काय म्हणायचं ते.”

आईनं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. तळहात तसाच लाकडावर होता.

“रोशनचा कायले असन?” ती म्हणाली. “थो तं तवा माह्या पोटात होता. म्हणून तं तुले धराले धावता आलं नाही मले.”